सदोष पॅचचा माग: रबाळ्यातल्या पंधरवड्याच्या नोंदी

कोणी लिनक्सच्या जुन्या कर्नलवरून, म्हणजे त्याच्या गाभ्यावरून, नव्यावर जाताना अशाच भोवऱ्यात सापडलं तर उपयोग व्हावा म्हणून रोज संध्याकाळी लिहिलेलं इथे ठेवतोय. भाषा थोडी नीट केली, चुका तशाच ठेवल्या.

आमचं चार माणसांचं दुकान, रबाळे एमआयडीसीत एका गाळ्याच्या माळ्यावर. सोसायट्यांमधले पंप, लिफ्ट, कॉमन लाइट यांचे वीजमीटर वाचणारा डबा बनवतो. डब्यात 64 बिटी आर्म बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि मीटरपर्यंत आरएस-485 ची जोडवायर. मीटर मॉडबस ही भाषा बोलतात, 9600 बॉडवर, म्हणजे सेकंदाला 9600 बिट. कर्नल मूळचाच, वर आमचे 14 पॅच, म्हणजे कोडमधले आमचे बदल. एप्रिलमध्ये मी ते पॅच 6.1 वरून 6.6 वर आणले आणि जूनच्या मध्यावर नवं फर्मवेअर साइटवर गेलं.

रविवार, 6 जुलै 2025

आषाढी. साबुदाणा खिचडीचा पहिला घास घेतला तेवढ्यात घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन. "अहो, तुमच्या आलेखाला परत भोक पडलंय. दोन नंबर पंपाचं पहाटे सव्वातीनचं वाचन नाही." काका बँकेतून रिटायर झालेत, रोज सकाळी चहाबरोबर आलेख तपासतात. म्हटलं, पावसाळा आहे, जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलं असेल. उद्या येतो.

सोमवार, 7 जुलै

दिवस फुकट. जंक्शन बॉक्स कोरडा ठणठणीत. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर जागेवर, ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर 60 ओहम, म्हणजे बरोबर. तरीही समाधानासाठी वीस मीटर वायर बदलली. परत आलो तर दुपारी चारचं वाचन गायब. रिक्षाचे जाऊन-येऊन 700 रुपये, वायरचे वेगळे.

मंगळवार, 8 जुलै

आमच्या ज्युनिअरने विचारलं, "दादा, जूनच्या आधीचे लॉग बघितले का?" नव्हते बघितले. बघितले तर मे महिन्यात मीटरला एकदाही दुसऱ्यांदा विचारावं लागलेलं नाही. नवं फर्मवेअर गेलं त्या दिवसापासून पाचातला एक प्रश्न वाया. डबा एकूण तीनदा विचारतो, म्हणून इतके दिवस झाकलं गेलं. हिशोब मांडला: तीनही वेळा चुकण्याची शक्यता 0.2 चा घन, म्हणजे हजारात आठ. दर पंधरा मिनिटांनी वाचन, दिवसाला 96, म्हणजे मीटरमागे रोज पाऊण वाचन गायब. काकांची तक्रार आणि गणित तंतोतंत जुळलं. वायर बदलण्याआधी हा कागद दहा मिनिटांत झाला असता.

टेबलावर दोन मीटर जोडले. पत्ता 7 चा मीटर साइटवर आहे त्याच जातीचा, झटपट उत्तर देणारा. पत्ता 3 चा जुना, सावकाश, उत्तराला 40 मिलिसेकंद घेतो. 500 प्रश्न विचारायची छोटी स्क्रिप्ट लिहिली. 6.1 वर पत्ता 7 चे चुकलेले: शून्य. 6.6 वर: 104. पत्ता 3 दोन्हीकडे शून्य.

चुकलेली उत्तरं कच्ची पाहिली. नऊ बाइट यायला हवेत, कधी आठच येतात, कधी पहिल्या बाइटच्या जागी कचरा. म्हणजे आपण बोलणं संपवून कान उघडायला उशीर करतोय. 485 मध्ये एकाच जोडीवर बोलायचं आणि ऐकायचं असतं. कोण बोलतंय हे डीई नावाची पिन ठरवते आणि ती वेळेत खाली यावी लागते. इथवर दोन तासांत कळलं. कोणत्या बदलामुळे, हे कळायला पुढचा आठवडा गेला.

संध्याकाळी गिट बायसेक्ट (चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांमधला इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी कमिट, म्हणजे नोंदलेला एक बदल, शोधणं) करायला बसलो आणि आठवलं, जागा वाचवायला आमचं क्लोन, म्हणजे कोडची प्रत, उथळ घेतलेलं, इतिहासच नाही. सगळा इतिहास ओढायला लावून घरी गेलो.

बुधवार, 9 जुलै

6.1 आला डिसेंबर 2022 मध्ये, 6.6 ऑक्टोबर 2023 च्या शेवटी. मधल्या कमिट सत्तर हजारांच्या आसपास. अर्ध्यावर अर्धं करत गेलं तरी सोळा-सतरा पायऱ्या. म्हणून आधी फक्त मोठे टप्पे तपासले, ते निदान बूट तरी होतात. 6.3 गुड. 6.4 गुड. 6.5 बॅड. आता उरल्या एका आवृत्तीच्या कमिट, गिट म्हणालं साधारण 14 पायऱ्या.

इथे अडीच तास गेले ते कॉन्फिगमुळे, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्या पर्यायांच्या यादीमुळे. 6.6 चं कॉन्फिग घेऊन मागच्या कर्नलवर ओल्डडेफकॉन्फिग (यादी त्या कर्नलला जुळवून घेणारी आज्ञा) चालवलं की त्या कर्नलला अनोळखी असलेले पर्याय गळून पडतात. पुन्हा पुढे आलं की ते परत येत नाहीत, डीफॉल्टवर बसतात. तिसऱ्या पायरीला बोर्डाला नेटवर्कच सापडेना. उपाय साधा: एक चालतं कॉन्फिग कोडच्या झाडाबाहेर वेगळं ठेवायचं आणि दर पायरीला तेच नव्याने आत टाकायचं.

दुसरी भानगड आमच्या पॅचची. दर पायरीला ते 14 पॅच वर चढवायचे, बिल्ड, चाचणी, मग झाड साफ करून गिटला निकाल सांगायचा. एप्रिलपूर्वीचा जुना संच काही ठिकाणपर्यंत बसतो, त्यापुढे 6.6 साठी केलेला नवा संच बसतो. स्क्रिप्टला सांगितलं: आधी जुना बसतो का बघ, नसेल तर नवा लाव. ही ओळ लिहिताना मी स्वतःवर खूश होतो. ही ओळ लक्षात ठेवा.

बिल्ड नऊ मिनिटं, बूट एक, चाचणी दोन. दिवसभरात सात पायऱ्या. गुड, बॅड, बॅड, गुड, असं नीट मिश्रण.

गुरुवार, 10 जुलै

उरलेल्या सातही पायऱ्या गुड. दुपारी तीनला गिटने दोषी कमिट जाहीर केली: एका साउंड ड्रायव्हरमधला बदल.

आमच्या बोर्डाला स्पीकर नाही. तो ड्रायव्हर आमच्या कॉन्फिगमध्येही नाही, त्या फाइलची ऑब्जेक्ट फाइलसुद्धा बनत नाही.

सर म्हणाले, "काहीतरी अप्रत्यक्ष असेल." दोन तास अप्रत्यक्ष शोधलं. लाजिरवाणं आहे, पण त्या ड्रायव्हरच्या मेमरी वापरावर मी अर्धं पान लिहिलं होतं. ते फाडलं.

शुक्रवार, 11 जुलै

लोकलमध्ये ऐरोली गेल्यावर डोक्यात आलं. दोषी ठरलेली कमिट म्हणजे मी बुधवारी शेवटची 'बॅड' नोंदवलेलीच कमिट आहे. त्यानंतर सगळं गुड. ओळीने सात वेळा एकच उत्तर, नाणं सात वेळा छाप पडावं तसं, 128 मध्ये एकदा. असं घडू शकतं, पण आधी चाचणीवर संशय घ्यायला हवा होता.

ऑफिसात येऊन टेबलाखाली वाकलो. पत्ता 7 च्या मीटरचा डिस्प्ले काळा. एक्स्टेंशन बोर्डच्या तिसऱ्या सॉकेटमध्ये त्याच्या प्लगच्या जागी पांढरा मोबाइल चार्जर, वायर गुंडाळून मागच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत जाणारी. मीटरचा प्लग शेजारी फरशीवर, धूळ बसलेला. कोणी काढला ते विचारलं नाही. चार्जर माझ्याच पिशवीत जात होता.

स्क्रिप्ट सुरुवातीला कोण कोण हजर आहे ते बघते आणि जे हजर त्यांनाच विचारते. पत्ता 7 गैरहजर, म्हणून तिने 500 च्या 500 प्रश्न त्या सावकाश मीटरला विचारले. तो कधी चुकतच नाही. सात गुड.

दुरुस्ती: गिट बायसेक्ट रनला (बायसेक्ट आपोआप चालवणारी आज्ञा) स्क्रिप्टचा रिटर्न कोड 0 म्हणजे गुड, 1 ते 127 (125 सोडून) म्हणजे बॅड, आणि 125 म्हणजे 'सांगता येत नाही, ही सोडा'. पत्ता 7 बोलला नाही तर स्क्रिप्टने आता आधी एक जुना, खात्रीचा 6.1 बूट करून मीटर जिवंत आहे का बघायचं, नसेल तर थेट 128 देऊन सगळं थांबवायचं. 125 देऊन चाललं नसतं: मीटर बंद असता तर रात्रभर ती प्रत्येक कमिट 'सोडा' म्हणत बसली असती. कर्नल बूटच झाला नाही तर मात्र 125.

शिवाय 500 प्रश्नांची गरजच नव्हती. पाचात एक चुकतो तर 50 प्रश्नांत एकदाही न चुकण्याची शक्यता लाखात एक-दीड. 50 वर आणलं, दर पायरीला दीड मिनिट वाचलं.

पहिल्या सात पायऱ्या मात्र वाया गेल्या नाहीत. गिट बायसेक्ट लॉग फाइलमध्ये काढला, खोट्या सात ओळी खोडल्या, बायसेक्ट रिप्लेला ती फाइल दिली. जिथे चुकलो तिथे परत उभा. हा लॉग मी पहिल्यापासून दर पायरीनंतर वेगळा ठेवत होतो, एवढं एक शहाणपण.

शनिवार, 12 जुलै

दर वेळी हाताने बोर्ड बंद-चालू करायचा कंटाळा आला, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन यूएसबीवर चालणारा रिले आणला, 420 रुपये. बरोबर आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझर, 750. रिले पॉवर तोडतो-जोडतो, बोर्ड नेटवर्कवरून कर्नल घेतो, स्क्रिप्ट यूनेममधला (चालू कर्नलची ओळख सांगणारी आज्ञा) कमिटचा आकडा जुळतो का बघते आणि मगच चाचणी घेते. यूनेमची तपासणी लगेच कामाला आली: एकदा डिस्क भरली, नवा कर्नल कॉपीच झाला नाही आणि बोर्ड मागचाच घेऊन उठला होता.

मीटरच्या प्लगवर लाल टेप लावली. संध्याकाळी सातला रन सोडून घरी.

सोमवार, 14 जुलै

निकाल तयार. या वेळी शेवटच्या सात पायऱ्यांत तीन बॅड, चार गुड. दोषी: सिरियल कोअरमधली, म्हणजे सिरियल पोर्टांच्या सामाईक कोडमधली, एक साफसफाईची कमिट. 6.5 मध्ये सिरियल कोअरची बरीच पुनर्रचना झाली, त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. सर खूश, मी खूश, सामोसे मागवले.

रिग्रेशनचा रिपोर्ट लिहायला घेतला. कर्नलमध्ये नियम कडक आहे: वापरणाऱ्याचं चालू असलेलं काही नव्या आवृत्तीत मोडलं तर ती कर्नलची चूक, वापरणाऱ्याची नाही. कमिटच्या आकड्याची पहिली बारा अक्षरं, बायसेक्ट लॉग, चाचणीची पद्धत, सगळं मांडलं. कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्टने काढलं. अर्धा मसुदा झाल्यावर ज्युनिअर माझ्या मागे उभी राहून ती कमिट वाचत होती.

"दादा, ही कमिट वेळेला हातच लावत नाहीये. नुसती नावं बदललीत आणि एक फंक्शन हलवलंय."

मी म्हटलं, बायसेक्ट खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "गुरुवारी बोललं होतं की."

मंगळवार, 15 जुलै

ती कमिट उलटी फिरवून बघायचा प्रयत्न केला. वर इतके बदल झालेत की सरळ रिव्हर्ट होत नाही. हाताने करायला गेलो तर आमचा नवा संच वर बसेना, जुना बसला. जुना बसवून चाचणी घेतली: गुड. म्हणजे कमिट दोषी, सिद्ध! असं मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, खाली दोन रेघा मारल्यात.

रिपोर्ट पाठवण्याआधी एक अट उरली होती. बाहेरचे पॅच नसलेल्या, मूळ कर्नलवर दोष दाखवा. हे मी टाळत आलो होतो, कारण आमच्या पॅचशिवाय 485 चालतच नाही, असं या ऑफिसात 2019 पासून सगळे मानतात. मीही. नवीन आलेल्यांना मीच तसं सांगितलंय.

तरी केलं. मूळ 6.6, एकही पॅच नाही, फक्त डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) चार ओळी: हा पोर्ट 485 चा आहे, दिशेची पिन ही. पत्ता 7 ला 50 प्रश्न, शून्य चूक. 500, शून्य. जेवायला जाताना 10,000 लावून गेलो. परत आलो, शून्य.

जेवलेलं घशाशी आलं. मूळ कर्नलमध्ये दोष नाहीच. दोष आमच्या 14 मध्ये आहे आणि तो प्रत्येक पायरीला मीच उचलून वर नेत होतो. बुधवारची ती ओळ आठवा: जुना संच बसला तर जुना, नाहीतर नवा. जुना चांगला, नवा खराब. बायसेक्टने मला इमानदारीने एवढंच सांगितलं होतं की कोणत्या कमिटपासून जुना संच बसायचा बंद होतो. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न वेगळाच होता.

रिपोर्टचा मसुदा खोडला. एका निरपराध माणसाच्या कमिटवर बोट ठेवून सगळ्या जगासमोर पाठवायला मी एका संध्याकाळच्या अंतरावर होतो.

बुधवार, 16 जुलै

मूळ 6.6 गुड, मूळ अधिक 14 पॅच बॅड. मधे फक्त 14 कमिट, चार पायऱ्या. फक्त एक-दोन फाइली बदलतात म्हणून बिल्डही मिनिटाभरात. साडेदहाला सुरू केलं, सव्वाअकराला संपलं. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर काकांचा आलेख गेल्या बुधवारीच सांधला असता.

दोषी पॅच क्रमांक 9. मूळ 2019 चा, 4.19 कर्नलच्या काळातला. तेव्हा आमच्या चिपच्या ड्रायव्हरला दिशेची पिन हाताळता येत नव्हती, म्हणून एका जुन्या सहकाऱ्याने लिहिला होता, आणि नीट लिहिला होता. शेवटचा बाइट पूर्ण गेला का ते हाय-रिझोल्यूशन टायमरने दर 100 मायक्रोसेकंदांनी बघायचं आणि गेला की पिन खाली.

एप्रिलमध्ये 6.6 वर आणताना या पॅचला कॉन्फ्लिक्ट आला. आजूबाजूचा कोड हललेला, टायमरचं हँडलर बसेना. मी टायमर काढून त्या जागी डिलेड वर्क (कर्नलला 'थोड्या वेळाने कर' म्हणून सांगून ठेवलेलं काम) टाकलं, मुदत 1 जिफी, म्हणजे कर्नलच्या घड्याळाची एक टिक. कमिटच्या मजकुरात लिहिलं: 'रिबेस, वागणुकीत बदल नाही'. वेळ रात्री 11:48.

आमच्या कर्नलमध्ये एचझेड 250, म्हणजे सेकंदाला 250 टिक, 1 जिफी 4 मिलिसेकंदांची. मुदत 1 दिली तरी टायमर निदान एक पूर्ण जिफी जाऊ देतो, म्हणून प्रत्यक्षात 4 ते 8 मिलिसेकंदांत कधीही वाजतो, आपण टिकच्या कोणत्या क्षणी मागितलं त्यावर.

लॉजिक अ‍ॅनलायझर लावून बघितलं. वरची रेघ डीई पिन, खालची मीटरची. आपला शेवटचा बाइट संपल्यापासून पत्ता 7 चा मीटर 7.2 मिलिसेकंदांनी बोलायला लागतो. आपली पिन कधी 4.3 ला खाली, कधी 6.1 ला, कधी 7.9 ला. 7.2 च्या पुढे गेली की दोघंही तारेवर. 4 ते 8 मध्ये 7.2 च्या पुढचा भाग म्हणजे चारातला 0.8, पाचात एक. 500 मध्ये 104. 9600 बॉडवर एक बाइट साधारण 1.04 मिलिसेकंदांचा, उशीर जास्तीत जास्त 0.8 चा, म्हणून फक्त पहिलाच बाइट मरतो. आणि सावकाश मीटर 40 ला बोलतो, त्याला या भांडणाचा पत्ताच नाही.

मॉडबसच्या नियमाने उत्तर देणाऱ्याने साडेतीन अक्षरांची शांतता पाळायची, 9600 ला चारेक मिलिसेकंद. याहून चपळ मीटर असता तर जवळजवळ प्रत्येक प्रश्न वाया गेला असता आणि दोष एप्रिलमध्येच टेबलावर दिसला असता. तेव्हा टेबलावर फक्त पत्ता 3 होता.

चित्र सरांना दाखवलं. ते बराच वेळ पिनच्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "11:48 ला तू घरी का नव्हतास?"

गुरुवार, 17 जुलै

पॅच 9 दुरुस्त करायचा की काढायचा? टायमर परत बसवायला दोन तास पुरतील. पण मूळ ड्रायव्हर तेच काम करतोय, 10,000 पैकी 10,000. काढला. डिव्हाइस ट्रीतल्या चार ओळी राहिल्या, 212 ओळी गेल्या. त्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अजून वापरत होतात?"

रात्रभर दोन्ही मीटर, वर सीपीयूला मुद्दाम ओझं देऊन. सकाळपर्यंत शून्य.

सोमवार, 21 जुलै

शुक्रवारी साइटवर नवं फर्मवेअर चढवलं. तीन दिवसांत दोन नंबर पंपाला दुसऱ्यांदा विचारावं लागलेलं नाही. काकांना फोन केला. म्हणाले, "हो, भोकं गेली. पण पंपाची आणि लिफ्टची रेघ एकाच निळ्या रंगात का हो?"

खर्च वहीत टाकला: रिक्षा, वायर, रिले, अ‍ॅनलायझर, सामोसे धरून तीन हजारांच्या आत. दोन माणसांचे दहा कामाचे दिवस त्यात धरलेले नाहीत, ते सर धरतात.

आता 13 पॅच उरलेत. एप्रिलमध्ये कॉन्फ्लिक्ट आलेला आणखी एक आहे, क्रमांक 4, वॉचडॉगचा (डबा अडकला तर तो परत चालू करणारा). त्याच्याखालीही माझ्याच हाताने 'वागणुकीत बदल नाही' लिहिलंय. उद्या सकाळी तो काढून बघतो.